खोदाईपूर्वी भूमिगत वाहिन्यांचा शोध : शेतमजुरांना द्यावयाचे प्रशिक्षण

उन्हाळ्यात रान मोकळे झाले की खोदाईची कामे निघतात. आंबा-नारळाचे खड्डे, पाइपलाइनचे चर, कुंपणाचे खांब, शेततळे, बांधबंदिस्ती ही सर्व कामे पावसापूर्वी उरकावी लागतात. पूर्वी अशा कामात फार तर दगड किंवा कठीण मुरूम आडवा येई. आता तसे राहिलेले नाही. शेताच्या पोटात पाण्याचे पाइप, पंपाची केबल, दूरध्वनीची ऑप्टिकल फायबर केबल, गावाच्या नळयोजनेची वाहिनी आणि काही भागांत वायूची किंवा खनिज तेलाची वाहिनीही असते. वरून पाहिले तर रान सपाट दिसते. टिकावाचा घाव मात्र नेमका वाहिनीवर बसू शकतो.

नुकसान झाले तर पाइप दुरुस्त करता येतो, केबल जोडता येते. ज्याच्या हातात लोखंडी पहार असते तो मजूर मात्र परत मिळत नाही. म्हणून खोदाई सुरू करण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे हे शोधण्याची पद्धत, आणि ती मजुरांना कशी शिकवावी, याची माहिती या लेखात दिली आहे. हे प्रशिक्षण अर्ध्या दिवसात, स्वतःच्या शेतावर, फारसा खर्च न करता देता येते.

शेताखाली काय काय असू शकते?

१) स्वतःच्या वाहिन्या : पीव्हीसी किंवा एचडीपीई पाइपलाइन, ठिबकची मुख्य व उपमुख्य नळी, विहिरीपासून किंवा कूपनलिकेपासून आलेली पंपाची केबल. क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइपची निचरा प्रणाली टाकलेली असल्यास तीही.

२) शेजाऱ्याच्या वाहिन्या : नदीवरून किंवा सामाईक विहिरीवरून आलेली पाइपलाइन अनेकांच्या शेतांतून जाते. भावाभावांत वाटण्या झाल्यावर एकाची पाइपलाइन दुसऱ्याच्या वाट्यात राहते. अशा पाइपची नोंद बहुधा कोठेच नसते.

३) सार्वजनिक वाहिन्या : नळयोजनेचे पाइप, भूमिगत वीजवाहिनी, दूरसंचाराची केबल. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगाव नवे पाइप पडले, तर भारतनेट योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर केबल टाकण्यात आली. रस्त्यालगतच्या शेतकऱ्याने या दोन्हींचा विचार करावा.

४) तेल व वायूच्या वाहिन्या : मुंबई-मनमाड व मुंबई-पुणे-सोलापूर या खनिज तेलाच्या वाहिन्या आणि दाभोळ-बंगळुरू ही वायुवाहिनी शेतजमिनींखालून गेलेल्या आहेत. शहरांभोवतीच्या गावांत घरगुती वायूच्या नळ्याही आता आल्या आहेत.

खोलीचा हिशोब

फळबागेच्या खड्ड्याची खोली आणि वाहिनीची खोली शेजारी ठेवून पाहावी. आंब्याचा किंवा नारळाचा खड्डा १ x १ x १ मीटरचा घेतला जातो. डाळिंबाचा खड्डा ६० सेंमी खोल असतो. शेततळे ३ मीटरपर्यंत जाते. उलटपक्षी, भारतीय मानक आयएस १२५५ नुसार कमी दाबाची वीजकेबल किमान ०.७५ मीटर, ११ किलोव्होल्टपर्यंतची ०.९० मीटर आणि ३३ किलोव्होल्टची १.०५ मीटर खोल असावी लागते. शेतकऱ्याची स्वतःची पाइपलाइन साधारणपणे दोन ते तीन फुटांवर असते. म्हणजे आंब्याचा एक खड्डा यातील बहुतेक वाहिन्यांपर्यंत पोहोचतो.

शिवाय ही खोली वाहिनी टाकली त्या दिवसाची असते. नंतर उताराच्या रानातील माती वाहून जाते. सपाटीकरणात उंच भागातील फूट-दीड फूट माती काढली जाते. त्यामुळे एक मीटरवरची केबल दीड-दोन फुटांवर येते आणि सबसॉयलरच्या फाळालाही लागू शकते. पंपाची केबल तर अनेक ठिकाणी मुळातच वीतभर मातीखाली दडपलेली असते. म्हणून "ती खोल आहे, आपल्याला लागणार नाही" हे वाक्य मजुराने कधीही खरे मानू नये, असे प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच सांगावे.

प्रशिक्षणाची आखणी

एका वेळी आठ-दहा मजूर घ्यावेत. जेसीबीने काम करावयाचे असल्यास चालकालाही बसवावे. पहिला अर्धा तास बोलण्यात घालवावा आणि उरलेला वेळ रानात. शोधाचे चार टप्पे आहेत : विचारणे, पाहणे, यंत्राने शोधणे आणि हाताने उघडे करणे. क्रम बदलू नये.

टप्पा १ : विचारणे

जमिनीखालची सर्वांत चांगली माहिती माणसांकडे असते. जुना सालगडी, वाटेकरी, पाइप जोडणारा प्लंबर, पंपाचा मेकॅनिक, ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी आणि महावितरणचा जनमित्र यांना विचारावे. वाडवडिलांच्या काळातील कोरड्या पडलेल्या विहिरीवरून एखादी केबल गेली होती का, हेही विचारावे. प्रशिक्षणात दोन मजुरांना गावातील अशा एका माणसाकडे पाठवावे आणि मिळालेली माहिती कागदावर रेषा काढून दाखवावयास सांगावी.

दूरसंचार वाहिन्यांसाठी केंद्र शासनाने 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइल अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये सुरू केले. ज्या खोदाईमुळे दूरसंचार वाहिनीस इजा होण्याचा संभव आहे, तिची आगाऊ सूचना समाईक पोर्टलवर देण्याची तरतूद जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत आहे. घरातील शिकलेल्या मुलाकडून ही सूचना कामाच्या बरेच दिवस आधी द्यावी.

शेतातून तेलाची किंवा वायूची वाहिनी गेली असल्यास १९६२ चा पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांविषयीचा कायदा लागू होतो. वापरहक्क घेतलेल्या पट्ट्यात जमीन पूर्वीप्रमाणे कसता येते. परंतु तेथे इमारत किंवा अन्य बांधकाम करणे, विहीर, तलाव किंवा बंधारा खोदणे आणि झाड लावणे यांस मनाई आहे. म्हणजे या पट्ट्यात शेततळे नाही आणि फळबागही नाही. तेथून पाइप ओलांडून न्यावयाचा असल्यास फलकावरील क्रमांकावर फोन करावा आणि कंपनीचा माणूस समोर उभा असल्याशिवाय फावडे लावू नये.

टप्पा २ : पाहणे

शेतमजुराची नजर येथे फार उपयोगी पडते. त्याला पुढील खुणा दाखवाव्यात :

- चुन्याचे किंवा सिमेंटचे खुणेचे दगड, खांब व इशारा फलक. दोन फलकांमधील वाहिनी सरळच असेल असे मात्र समजू नये.
- व्हॉल्व्हची चौकी, हवा सोडण्याचा नळ, पाण्याचे कुंड, खांबावरून खाली मातीत उतरलेली केबल. ती कोठे उतरते आणि कोठे वर येते ते पाहावे.
- लांबट, सरळ रेषेत दबलेली जमीन किंवा पावसानंतर पाणी धरणारा पट्टा. चर नीट न दाबता बुजवल्याची ही खूण आहे.
- काळ्या रानात मुरमाचा फिकट पट्टा. चर खोदताना खालचा मुरूम वर आलेला असतो.
- पिकातील पट्टा. हलक्या, उथळ जमिनीत बुजवलेल्या चरावर माती भुसभुशीत व खोल असते, ओल जास्त टिकते. पावसाने ताण दिला की आजूबाजूचे पीक सुकते, पण त्या पट्ट्यातील पीक हिरवे राहते. जेथे मुरूम वर आला असेल तेथे उलट पीक पिवळे व खुरटे दिसते. असा पट्टा खरिपातच लिहून ठेवावा, उन्हाळ्यात तो दिसणार नाही.

जमिनीवर जे कळले ते फक्कीने आखावे. अनेक देशांत वाहिन्यांच्या खुणांसाठी ठरावीक रंग वापरतात : विजेसाठी लाल, वायू व तेलासाठी पिवळा, दूरसंचारासाठी नारिंगी, पिण्याच्या पाण्यासाठी निळा आणि खोदावयाच्या जागेसाठी पांढरा. आपणही काठ्यांना याच रंगांच्या चिंध्या बांधाव्यात. अक्षर न येणाऱ्या मजुरालाही चिंधी वाचता येते.

टप्पा ३ : यंत्राने शोधणे

केबल शोधण्याचे यंत्र (केबल लोकेटर) भाड्याने किंवा माहीतगार तंत्रज्ञासह मिळाल्यास अवश्य वापरावे. त्याचे दोन भाग असतात. एक भाग वाहिनीत विशिष्ट कंपनसंख्येची लहर सोडतो, दुसरा भाग जमिनीवरून फिरवला असता ती लहर पकडतो व वाजतो. नुसत्या दुसऱ्या भागानेही चालू विजेची केबल ओळखता येते.

परंतु यंत्र काय ओळखत नाही, हे मजुरांना अधिक ठासून सांगावे :

१) केबलमधून प्रवाह वाहत असेल तरच विजेची लहर मिळते. शेतीपंपाला थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते. वीज नसताना किंवा पंप बंद असताना यंत्र फिरवले तर ते गप्प राहील. वीज आली की तीच केबल जिवंत होईल.

२) पीव्हीसी व एचडीपीई पाइपमध्ये धातू नसतो, म्हणून ते यंत्राला दिसत नाहीत. पाइपचे तोंड मोकळे असल्यास आत धातूची लांब तार सरकवून तिच्यावर लहर सोडता येते.

३) काचेच्या तंतूंची केबल प्लॅस्टिकच्या नळीतून गेली असेल आणि बरोबर धातू नसेल, तर तीही सापडत नाही.

थोडक्यात, यंत्र वाजले तर वाहिनी आहे असे समजावे. यंत्र वाजले नाही तर वाहिनी नाही असे मात्र समजू नये.

काही ठिकाणी पाणाड्याकडून तांब्याच्या काड्या किंवा नारळ फिरवून पाइप शोधण्याची प्रथा आहे. या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही. तिच्या भरवशावर माणसाला खड्ड्यात उतरवू नये.

टप्पा ४ : हाताने उघडे करणे

शेवटची खात्री डोळ्यांनीच होते. यासाठी चाचणी खड्डा घ्यावा. हा प्रशिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग असल्याने प्रत्येक मजुराकडून करून घ्यावा.

- प्रथम वीज बंद करावी. नुसता स्टार्टर बंद करणे पुरेसे नाही. मुख्य स्विच पाडून किटकॅट फ्यूज काढावेत आणि खोदणाऱ्याने ते आपल्या खिशात ठेवावेत. अनेक पंपांना ऑटो स्विच असतो, त्यामुळे वीज येताच पंप आपोआप चालू होतो. महावितरणच्या वाहिनीला मात्र स्वतः हात लावू नये, जनमित्राला बोलवावे.
- संशयित रेषेच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर टिकाव, पहार आणि जेसीबी वापरू नये. फावड्याने थोडी-थोडी माती काढावी.
- खड्डा रेषेच्या बाजूला घ्यावा आणि आडवे कोरत वाहिनीकडे जावे. वरून घाव घालत खाली जाऊ नये.
- मुरूम कठीण असल्यास मजूर पहारीकडे वळतो. पाण्याच्या पाइपजवळ आदल्या दिवशी पाणी सोडून मुरूम मऊ करता येतो. विजेच्या केबलची शंका असल्यास पाणी सोडू नये, वेळ जास्त द्यावा.
- पायात रबरी बूट व हातात कोरडे मोजे असावेत. मात्र बूट घातले म्हणून केबलला धक्का द्यावयास हरकत नाही, असा समज होऊ देऊ नये.
- एक वाहिनी सापडली म्हणून थांबू नये. तिच्या शेजारी किंवा खाली दुसरी असू शकते.

मजुरांना एक गोष्ट पाठ करून घ्यावी : काळ्या रानात वाळू लागली, विटांची ओळ लागली, कौले किंवा रंगीत प्लॅस्टिकची पट्टी लागली, की हात थांबवायचा. वाळू, विटा किंवा पट्टी तेथे कोणी तरी मुद्दाम टाकलेली असते आणि तिच्याखाली बहुधा केबल असते. प्रशिक्षणासाठी आधीच एका खड्ड्यात जुन्या पाइपचा तुकडा, त्यावर वाळू, विटा व पट्टी पुरून ठेवावी आणि मजुरांना तो शोधावयास लावावा. एकदा हाताला लागलेली वाळू दहा भाषणांपेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

जेसीबी असताना

जेसीबीचे भाडे तासावर असते. यंत्र दारात उभे राहिले की शेतकऱ्याची घाई सुरू होते आणि अपघाताचे मूळ बहुतेक वेळा या घाईत असते. म्हणून शोधाचे चारही टप्पे यंत्र येण्याच्या आदल्या दिवशीच पूर्ण करावेत. चालकाला फक्कीच्या रेषा चालून दाखवाव्यात. काम सुरू असताना एक माणूस केवळ पाहण्यासाठी ठेवावा. त्याच्या हाती दुसरे काम देऊ नये. त्याने चालकाला दिसेल अशा जागी, बकेटच्या टप्प्याबाहेर उभे राहावे. दोन्ही हात वर केले की यंत्र थांबले पाहिजे. ही खूण कामापूर्वी तीन-चार वेळा करून पाहावी.

वाहिनीला धक्का लागल्यास

वीजकेबल : कोणीही केबलला, यंत्राला किंवा चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. प्रथम वीज तोडावी. जेसीबीला वीज लागली असल्यास चालकाने आतच बसावे. आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून, यंत्राला हात न लावता, दूर उडी मारावी व पाय न विलगता उड्या मारत लांब जावे. १९१२ या क्रमांकावर वीजकंपनीला कळवावे. माणूस जखमी असल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

वायू किंवा तेल : विडी, काडेपेटी, मोबाइल, मोटारसायकल यांपैकी काहीही चालू करू नये. सर्वांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब जावे व तेथून फलकावरील क्रमांकावर व ११२ वर फोन करावा. गळती माती टाकून किंवा खुंटी ठोकून बंद करू नये. सांडलेले तेल बादल्यांनी भरावयास कोणी येऊ नये, म्हणून वाट अडवावी. घरगुती वायूला वास मिसळलेला असतो, पण मोठ्या वाहिनीतील वायूला तो असेलच असे नाही. नुसता फुत्काराचा आवाज आला तरी पुरेसे समजावे.

नुसता ओरखडा : पाइप फुटला नाही, नुसता दाता घासला, तर बहुतेक जण माती लोटून गप्प बसतात. ही सर्वांत मोठी चूक आहे. अमेरिकेतील बेलिंगहॅम या गावी १९९४ मध्ये जलशुद्धीकरण केंद्राचे काम करताना खोदाई यंत्राने पेट्रोलच्या वाहिनीला इजा झाली. वाहिनी त्या वेळी फुटली नाही. पाच वर्षांनी, १० जून १९९९ रोजी, दाब वाढताच ती त्या दुखावलेल्या जागी फुटली. सुमारे ९ लाख लिटर पेट्रोल ओढ्यात वाहिले, पेटले आणि तीन मुले गेली.  म्हणून ओरखडा दिसला की माती न लोटता संबंधितांना कळवावे.

थांबण्याचा अधिकार

एका प्रशिक्षणवर्गात सर्व माहिती सांगून झाल्यावर एक मजूर उभा राहिला. "साहेब, वाळू लागली की थांबायचं, हे कळलं. पण मुकादम म्हणतो खण. खाडा पडला तर रोज कोण देणार?" या प्रश्नापुढे आमचे सर्व तक्ते अपुरे पडले. मजूर उक्त्या कामावर असेल, मीटरमागे पैसे ठरले असतील, तर थांबणे त्याला परवडत नाही. त्याला शिकवून उपयोग नाही, जोवर थांबण्याचे पैसे त्याला मिळत नाहीत.

म्हणून काम ठरवतानाच पुढील तीन गोष्टी मजुरांसमोर, मुकादमाला सांगून, ठरवाव्यात :

१) वाहिन्या शोधण्याचा व चाचणी खड्ड्यांचा वेळ रोजंदारीवर धरला जाईल, उक्त्यात नव्हे.
२) शंका आल्यास कोणताही मजूर काम थांबवील. त्याचा खाडा धरला जाणार नाही.
३) धक्का लागल्याचे सांगणाऱ्याकडून नुकसान वसूल केले जाणार नाही. तसे केल्यास पुढच्या वेळी तो माती लोटील.

या तीन अटींचा खर्च बहुधा एका दिवसाच्या मजुरीएवढा होतो. एका माणसाच्या जिवाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

नोंद ठेवा

आज आपण टाकलेली पाइपलाइन दहा वर्षांनी कोणाच्या तरी टिकावाखाली येणार आहे. म्हणून चर उघडा असतानाच मोजमाप घ्यावे. विहिरीचा कठडा, बांधावरील हद्दीचा दगड अशा कायम खुणांपासून अंतर लिहावे. खोली, व्यास व वळणाच्या जागा नोंदवाव्यात. पाइपवर एक-सव्वा फूट माती टाकल्यावर रंगीत पट्टी अंथरावी. प्लॅस्टिकच्या पाइपसोबत प्लॅस्टिकवेष्टित तांब्याची तार टाकल्यास पुढे तो यंत्राने शोधता येतो. नकाशाची एक प्रत सात-बाराच्या उताऱ्यासोबत घरी व एक पंपघरात ठेवावी. वाटणी, विक्री किंवा वाटेकरी बदलताना ती पुढच्या माणसाला द्यावी.

प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येक मजुराला तोंडी पाच प्रश्न विचारावेत : खोदण्यापूर्वी कोणाला विचारशील? यंत्र वाजले नाही तर काय समजशील? वाळू-विटा लागल्यास काय करशील? केबल तुटल्यास कोणाला हात लावणार नाहीस? ओरखडा पडल्यास कोणाला सांगशील? पाचही उत्तरे बरोबर आल्यावरच त्याच्या हाती टिकाव द्यावा. हेच पाच प्रश्न शेतमालकाने आधी स्वतःला विचारावेत. येत्या उन्हाळ्यात फळबागेची आखणी करताना दोरी व फक्कीसोबत चार रंगांच्या चिंध्याही शेतकरी बंधूंनी बरोबर न्याव्यात.